वित्त कायद्यातला फायदा कोल्हापूरच्या पदरात कसा पाडून घ्यायचा

केंद्राचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो आणि संध्याकाळपर्यंत 'कोल्हापूरला काय मिळालं' याच्या याद्या फिरायला लागतात. त्या याद्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. काही सवलती कायद्यात बसतात, पण आपण कागद भरल्याशिवाय मिळत नाहीत. काही पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. आणि काही गोष्टी भाषणात असतात, त्यांचे नियम नंतर निघतात. इथे मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल लिहिलं आहे, कारण कारखानदार, नोकरदार आणि शेतकऱ्याच्या हातात तोच आहे. कोल्हापुरात तो सर्वात जास्त वायाही जातो.

आधी एक सवय लावून घ्या. भाषण वाचून खर्चाचा किंवा कराचा हिशेब बांधू नका. भाषणासोबत वित्त विधेयक येतं, त्यात चर्चेदरम्यान दुरुस्त्या होतात आणि राष्ट्रपतींची सही झाली की त्याचा वित्त कायदा होतो. 2025 चं विधेयक 1 फेब्रुवारीला आलं, सही 29 मार्चला झाली. आर्थिक वर्ष 2025-26 चं विवरणपत्र 1961 च्या आयकर कायद्यानुसारच भरायचं आहे, म्हणून इथे कलमांचे आकडे जुने आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आणि आकडे बदलले. सल्लागाराशी बोलताना कोणत्या वर्षाबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट करा.

राज्याच्या वाट्याचं थोडक्यात

15 व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी केंद्रीय करांतला 41 टक्के हिस्सा राज्यांना ठरवून दिला, त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के. 2025-26 च्या अंदाजपत्रकात राज्यांना द्यायची रक्कम सुमारे 14.22 लाख कोटी होती, म्हणजे महाराष्ट्राच्या नावावर 90,000 कोटींच्या आसपास. राज्यवार तक्ता प्राप्ती अर्थसंकल्पाच्या जोडपत्रात छापलेला असतो. त्यात जिल्ह्याचं नाव शोधू नका, जिल्ह्याचं वाटप मुंबईत ठरतं.

हे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. उपकर आणि अधिभाराचा पैसा या वाटणीत येत नाही, त्यामुळे एखादी आकारणी 'उपकर' म्हणून आली तर तिच्यातलं राज्याला काही मिळत नाही. दुसरं म्हणजे करात सूट दिली की राज्याचाही हिस्सा घटतो. 2025 च्या सवलतींमुळे प्रत्यक्ष करात सुमारे एक लाख कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भाषणात सांगितलं होतं. त्याचे 41 टक्के आणि त्यातले 6.317 टक्के काढले, तर ढोबळमानाने 2,600 कोटींच्या घरातली रक्कम महाराष्ट्राला कमी मिळणार. नागरिकाच्या खिशात जे राहिलं त्यातलं काही राज्याच्या रस्त्यांतून आणि दवाखान्यांतून आलेलं आहे, हे माहीत असावं.

12 लाखांची सूट: नोकरी अधिक ऊस असेल तर थांबा

2025-26 पासून नव्या करप्रणालीतले टप्पे असे आहेत: 4 लाखांपर्यंत शून्य, 4 ते 8 लाखांवर 5 टक्के, 8 ते 12 वर 10, 12 ते 16 वर 15, 16 ते 20 वर 20, 20 ते 24 वर 25 आणि त्यापुढे 30 टक्के. 12 लाखांवर कर येतो 60,000. कलम 87ए खाली तेवढीच, जास्तीत जास्त 60,000 ची सूट मिळते, म्हणून कर शून्य होतो. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट असल्यामुळे त्याची रेषा 12.75 लाखांवर जाते.

उत्पन्न 12 लाखांच्या थोडं वर गेलं तर एकदम 60,000 चा फटका बसत नाही. करपात्र उत्पन्न 12,10,000 असेल, तर टप्प्यांप्रमाणे कर 61,500 होतो, पण 12 लाखांच्या वरचे 10,000 एवढाच कर लागतो, वर 4 टक्के उपकर, एकूण 10,400. हा दिलासा साधारण 12,70,000 पर्यंत चालतो, त्यानंतर टप्प्यांचा पूर्ण कर.

आता करवीर, कागल, राधानगरी, पन्हाळा, हातकणंगले या पट्ट्यातला खरा प्रश्न. इथे नोकरदाराच्या घरी ऊस असतोच. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे बरोबर. पण निव्वळ शेती उत्पन्न 5,000 च्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिळवावं लागतं. एक उदाहरण मांडून बघा. माध्यमिक शिक्षक, वर्षाचा पगार 12,75,000, प्रमाणित वजावटीनंतर 12,00,000. उसाचं निव्वळ उत्पन्न 3,00,000.

पहिली पायरी: दोन्ही मिळवून 15,00,000 वर कर काढायचा, तो 1,05,000 येतो. दुसरी पायरी: शेतीच्या 3 लाखांत मूळ सुटीचे 4 लाख मिळवून 7,00,000 वर कर काढायचा, तो 15,000. वजा केला की 90,000 उरतात. तिसरी पायरी: 87ए ची सूट 60,000 पेक्षा जास्त मिळत नाही. राहिले 30,000, वर उपकर 1,200. एकूण 31,200 रुपये.

'12 लाखांपर्यंत शून्य' हे ऐकून निश्चिंत राहिलेल्या माणसाला हा आकडा जुलैत, विवरणपत्र भरताना कळतो. शेतीचं निव्वळ उत्पन्न 3 लाख असेल, तर शून्याची रेषा 12 लाखांवरून 10 लाखांवर येते: 10 आणि 3 मिळून 13 लाखांवर कर 75,000, त्यातून 15,000 गेले की बरोबर 60,000. आपले आकडे घालून हा हिशेब डिसेंबरच्या आतच करा. कर 10,000 किंवा जास्त निघत असेल तर तो आगाऊ कर म्हणून 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या हप्त्यांत भरायचा असतो. नाही भरला तर व्याज लागतं. शाळेचं कार्यालय पगारातून कर कापताना तुमचा ऊस धरत नाही, ती जबाबदारी तुमची.

निव्वळ शेती उत्पन्न काढताना होणारी चूक जवळजवळ सगळीकडे सारखीच आहे. कारखान्याचं ऊस बिल थेट विकास सोसायटीच्या कर्जाला जातं आणि खात्यावर उरलेली रक्कम येते. बरेच जण तीच रक्कम 'उत्पन्न' म्हणून लिहितात. कर्जाची मुद्दल हा खर्च होत नाही, फक्त व्याज हा खर्च. म्हणून सुरुवात बिलाच्या रकमेपासून करा आणि त्यातून खत, बियाणं, मजुरी, पाणीपट्टी, मशागत, कर्जाचं व्याज वजा करा. तोडणी-वाहतूक कारखान्याने आधीच कापलेली असते, ती दुसऱ्यांदा वजा करू नका. बिलाच्या पावत्या, सोसायटीचा खाते उतारा आणि खतांच्या पावत्या एका फाईलला लावून ठेवा.

सातबाऱ्यावर चौघा भावांची नावं असतील आणि बिल एकाच्याच नावावर निघत असेल, तर उत्पन्न हिश्श्याप्रमाणे दाखवा आणि पैसे खरोखर हिश्श्याप्रमाणे वाटल्याचा बँकेचा पुरावा ठेवा. पत्नीच्या नावावर जमीन बक्षीस दिली म्हणून उत्पन्न तिचं होत नाही. आयकरात ते पुन्हा तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं.

फॉर्म निवडतानाही घोटाळा होतो. शेती उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर विवरणपत्राचा आयटीआर-1 हा सोपा फॉर्म चालत नाही. पगार अधिक ऊस असेल तर आयटीआर-2. शेती उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर त्यात जिल्हा, पिनकोड, एकरात क्षेत्र, जमीन मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत हे सगळं भरावं लागतं. सातबारा आणि 8अ समोर ठेवूनच बसा.

आणि दूध. म्हशी पाळून संघाला दूध घालणं हे आयकराच्या भाषेत शेती उत्पन्न नाही, तो व्यवसाय आहे. दहा-दहा दिवसांची बिलं बँकेत जमा होत असतील, तर कलम 44एडी खाली जमा रकमेच्या किमान 6 टक्के नफा दाखवून हिशेबाच्या वह्यांतून सुटका होते. मात्र सोबत उसाचं उत्पन्न 5,000 च्या वर असेल तर आयटीआर-4 भरता येत नाही, आयटीआर-3 लागतो. गुऱ्हाळवाल्यांनीही जपून राहावं. ऊस जसाच्या तसा विकला जातो, त्याला बाजार आहे, म्हणून गूळ करण्याच्या प्रक्रियेतला नफा शेती उत्पन्न म्हणून दाखवला तर त्यावर आक्षेप येऊ शकतो. उसाची बाजारभावाने किंमत आणि गुळाचा नफा वेगळे मांडलेले बरे.

शेअर विकून झालेल्या अल्पमुदतीच्या नफ्यावरचा 20 टक्के कर 87ए च्या सुटीतून वजा होत नाही. एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असलं तरी तो भरावाच लागतो.

फौंड्री, मशीनशॉप आणि 45 दिवसांचं कलम

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. इथल्या छोट्या युनिटांना कराच्या दरापेक्षा थकलेली बिलं जास्त छळतात. भट्टीचं वीज बिल ठरल्या तारखेला भरायचं आणि कास्टिंगचे, म्हणजे धातूच्या ओतीव भागांचे, पैसे नव्वद-शंभर दिवसांनी यायचे, यात बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज आपण भरतो. 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात कलम 43बी(एच) घातलं, ते यासाठीच. कर निर्धारण वर्ष 2024-25, म्हणजे आर्थिक वर्ष 2023-24 पासून ते लागू आहे.

कलमाचा अर्थ साधा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेतली आणि मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मुदत म्हणजे लेखी करार नसेल तर 15 दिवस. करार असेल तर त्यात लिहिलेली, पण 45 दिवसांपेक्षा जास्त कधीच नाही. ऑर्डरवर '90 दिवस' छापलं असलं तरी कायद्यासाठी ते 45 च.

तारखांचा हिशेब नीट समजून घ्या, सगळी ताकद त्यातच आहे. कास्टिंग 10 फेब्रुवारी 2026 ला पोचले, ऑर्डरवर 90 दिवस. 45 दिवस 27 मार्चला संपले. पैसे 20 एप्रिलला दिले, तर खरेदीदाराचा खर्च 2025-26 मध्ये नामंजूर. दुसरं बिल 5 मार्चचं. त्याची मुदत 19 एप्रिलला संपते. 31 मार्चला ते थकीत दिसलं तरी 19 एप्रिलपर्यंत पैसे दिले की खर्च 2025-26 मध्येच मिळतो. 25 एप्रिलला दिले तर नाही. आणि मे महिन्यात पोचलेल्या मालाचे पैसे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिले, तर या कलमाने खरेदीदाराचं काही बिघडत नाही, कारण वर्ष संपण्याआधी पैसे गेले. म्हणून हे कलम वर्षभराचा चाबूक नाही. त्याचा दाब जानेवारी ते मार्चच्या बिलांवर पडतो आणि तगादाही त्याच महिन्यांत लावायचा.

उशिराच्या दिवसांचं व्याज मात्र वेगळं लागू होतं. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर साडेसोळा टक्के. हे व्याज खरेदीदाराला करातून कधीच वजा करता येत नाही.

आता तुमच्या बाजूने काय करायचं ते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, मालाच्या पुरवठ्याच्या आधीची हवी. नंतर नोंदणी करून जुन्या बिलांवर हक्क सांगायला गेलं की वाद होतो. नोंदणी सरकारी उद्यम पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार, पॅन आणि जीएसटी क्रमांक लागतो. पैसे मागणारी, सरकारी दिसणारी संकेतस्थळं टाळा. उद्योगाचा प्रकार निवडताना 'उत्पादन' निवडा आणि उद्योग कोणता ते सांगणारा एनआयसी संकेतांक योग्य घाला, लोखंडी-पोलादी कास्टिंगला 2431. गडबडीत 'व्यापार' निवडलेल्या नोंदण्या खूप सापडतात, आणि व्यापाऱ्याला हे कलम लागू होत नाही. एकाच बटणामुळे सगळा हक्क जातो, म्हणून प्रमाणपत्र आजच उघडून बघा. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत: सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल, लघु म्हणजे 25 कोटी आणि 100 कोटी. आधी मध्यम गटात गेलेली काही युनिटं यामुळे पुन्हा लघु गटात आली असतील. मध्यम गटाला हे कलम मिळत नाही, त्यामुळे आपला गट तपासायलाच हवा.

उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म, उत्पादन' असा उल्लेख प्रत्येक बिलावर छापा. माल पोचल्याची तारीख हाच सगळ्याचा पाया, म्हणून चलनाच्या प्रतीवर गेटचा तारखेचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. ड्रायव्हरला हे एकदा नीट समजावून सांगितलं की पुरतं. शिक्का नसलेलं चलन पुढे काही कामाचं नाही.

रिजेक्शनचा मुद्दा फौंड्रीला सर्वात महाग पडतो. ब्लोहोल, सँड इन्क्लुजन, कोअर शिफ्ट अशा ओतकामातल्या दोषांवरून माल परत येणं धंद्यातच आहे, पण बिलाच्या चाळीसाव्या दिवशी 'पार्टचं इन्स्पेक्शन बाकी आहे' म्हणून पैसे अडवणं कायद्याला धरून नाही. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकाराचा दिवस धरला जातो. मुदतीत हरकत आली असेल तर ती तुम्ही दूर केल्याच्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. म्हणून हरकतीचे ई-मेल तारखेसकट जपा, बदली कास्टिंगच्या चलनावर मूळ बिलाचा क्रमांक लिहा, आणि शंभरातले आठ नग रिजेक्ट असतील तर आठांचीच डेबिट नोट घ्या, पूर्ण बिल अडकू देऊ नका.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाला एक पानाचं पत्र पाठवा. सोबत उद्यम प्रमाणपत्र आणि तक्ता: बिल क्रमांक, माल पोचल्याची तारीख, 45 वा दिवस, रक्कम. पत्रात धमकी नको, कलमाचा उल्लेख आणि 31 मार्चची आठवण एवढं बास. खरेदी विभागाशी कितीही चांगले संबंध असले तरी पत्र अकाउंट्सलाच द्या, कारण लेखापरीक्षकाला उत्तर तेच देतात. थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते आणि करावीही, पण चालू ग्राहकाच्या बाबतीत ती शेवटची पायरी ठेवा. त्याआधी ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर बँकांकडून पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा, मार्ग बघा. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. तुमचं बिल त्यांनी तिथे मान्य केलं की बँका बोली लावतात, पैसे लवकर मिळतात आणि खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी वसुली तुमच्यावर येत नाही.

या कलमाची दुसरी धारही आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही स्वतःही खरेदीदार आहात. पॅटर्न बनवणारा, फेटलिंगचं (कास्टिंग घासून साफ करण्याचं) काम करणारा, उद्यमनगरातला दोन लेथचा मशीनशॉपवाला, हे सगळे सूक्ष्म उद्योग आहेत. त्यांचं मार्चअखेरचं बिल मुदतीबाहेर थकवलं तर खर्च तुमचाही नामंजूर होईल. आणि लेखी करार नसेल, तो सहसा नसतोच, तर मुदत फक्त 15 दिवस. स्क्रॅप आणि पिग आयर्नच्या व्यापाऱ्याला हे लागू नाही, जॉबवर्कवाल्याला आहे. इचलकरंजीत सूत व्यापाऱ्याचं बिल आणि सायझिंगचं (सुताला खळ लावण्याच्या कामाचं) बिल यांतही हाच फरक पडतो. हुपरीत चांदीचं काम मजुरीवर करून घेणाऱ्यांनीही पाहून घ्यावं. प्रत्येक जॉबवर्कवाल्याशी 45 दिवसांचा एक पानी लेखी करार करून ठेवा आणि त्याचं उद्यम प्रमाणपत्र मागून घ्या. एवढ्यावर मार्चचा बराच ताण जातो.

सहकारी साखर कारखान्याचे जुने दावे

सहकारी कारखान्यांनी पूर्वी ठरलेल्या किमान दरापेक्षा जास्त ऊसदर दिला, तो खर्च नसून नफ्याची वाटणी आहे असं म्हणत आयकर खात्याने वर्षानुवर्षं मागण्या काढल्या. कर निर्धारण वर्ष 2016-17 पासून कलम 36(1)(xvii) ने सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतचा ऊसदर खर्च म्हणून मान्य झाला. मागची वर्षं अडकूनच होती. 2023 च्या वित्त कायद्याने कलम 155(19) घातलं आणि त्या जुन्या वर्षांचीही फेरगणना खुली केली. सहकारी कारखान्यांना यातून सुमारे 10,000 कोटींचा दिलासा मिळेल असं तेव्हाच्या भाषणात म्हटलं होतं.

ही फेरगणना आपोआप होत नाही. कारखान्याने आपल्या निर्धारण अधिकाऱ्याकडे वर्षवार अर्ज करायचा, सोबत त्या हंगामाचा सरकारने ठरवलेला वा मंजूर केलेला दर आणि प्रत्यक्ष दिलेला दर यांचे पुरावे जोडायचे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने याची कार्यपद्धती जुलै 2023 च्या परिपत्रकात दिली आहे. चार वर्षांची मुदत 31 मार्च 2023 पासून मोजायची आहे, म्हणजे शेवटची तारीख 31 मार्च 2027. अर्ज अडतो तो सहसा जुन्या हंगामाच्या दरमंजुरीचा कागद सापडत नाही म्हणून. तो साखर आयुक्तालयाकडे मागायला वेळ लागतो, तेव्हा शेवटच्या तिमाहीची वाट पाहू नका.

सभासदाने यातून थेट खात्यावर पैसे येतील अशी अपेक्षा ठेवू नये. कारखान्याच्या ताळेबंदावरचं जुनं देणं उतरतं आणि मागणीपोटी आधी भरलेली रक्कम परत मिळते, फायदा या मार्गाने येतो. वार्षिक सभेत विचारायचे प्रश्न चारच: आपल्या कारखान्याच्या कोणकोणत्या वर्षांच्या मागण्या प्रलंबित होत्या, प्रत्येक वर्षाचा 155(19) खालचा अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला, त्यावर आदेश आला का, आणि परतावा आला असेल तर तो कोणत्या खात्यावर जमा झाला. उत्तरं अहवालात छापून मागा.